कोर्टातून पळून आलेला बॅरिस्टर

तुमचा रोल नंबर पुकारला जातो. सेमिनारचा विषय तुमचा तोंडपाठ आहे. काल रात्री आरशासमोर तीनदा बोलूनही पाहिलाय. तुम्ही बाकावरून उठता, पुढे जाता, वर्गाकडे तोंड करता आणि पोटात गोळा येतो. तळहात ओले होतात, घशाला कोरड पडते. पहिलं वाक्यच सापडत नाही. मागच्या बाकावरून कुणीतरी खुसकन हसतं आणि समोरचे चेहरे धूसर व्हायला लागतात. तुम्ही कसंबसं ततपप करून खाली बसता. पुढच्या सेमिनारच्या दिवशी तुमचं पोट दुखतं. तुम्ही कॉलेजलाच जात नाही.

ओळखीचं वाटतंय ना? मग एका तरुणाची गोष्ट ऐका. वय बावीस, म्हणजे हे लिहिणाऱ्या माझ्याच वयाचा. लंडनहून बॅरिस्टर होऊन आलेला. घरच्यांनी कर्ज काढून, जातीतल्या लोकांचा विरोध सोसून त्याला शिकायला पाठवलेलं. आता हा मुंबईत नाव काढणार, घराचे पांग फेडणार, अशी सगळ्यांना आशा. मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात त्याला पहिला खटला मिळतो. अशिलाचं नाव मामीबाई, फी 30 रुपये. एका दिवसात संपेल असं साधं प्रकरण. प्रतिवादीच्या बाजूने उभं राहायचं आणि समोरच्या साक्षीदारांची उलटतपासणी घ्यायची, एवढंच काम.

तो उभा राहिला. पाय लटपटायला लागले. डोकं गरगरलं. सगळं कोर्टच आपल्याभोवती फिरतंय असं त्याला वाटलं. विचारायला एक प्रश्न सुचेना. तो खाली बसला आणि अशिलाच्या माणसाला म्हणाला की हे काम माझ्याने होणार नाही, फी परत घ्या आणि पटेल वकिलांना द्या. पटेलांनी 51 रुपये घेतले. त्यांच्यासाठी तो पोरखेळ होता. आपला बॅरिस्टर मात्र कोर्टातून जो निघाला तो मामीबाई जिंकली की हरली हे बघायलाही थांबला नाही.

हा बॅरिस्टर म्हणजे मोहनदास करमचंद गांधी.

दरवर्षी 2 ऑक्टोबरला आपण त्यांच्या फोटोला हार घालतो. त्यानंतर आठच दिवसांनी, 10 ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिन येतो. या दोन तारखांमध्ये काही नातं असेल असं आपल्या मनातही येत नाही. पण गांधीजींनी ‘सत्याचे प्रयोग’ या आत्मकथेत स्वतःच्या भित्रेपणाबद्दल इतकं मोकळेपणाने लिहिलंय की ती पानं आज प्रत्येक कॉलेजच्या नोटीस बोर्डावर लावावीत. फोटोतल्या शांत म्हाताऱ्याच्या आत एक घाबरट पोरगा होता. त्या पोराचं पुढे काय झालं, हे आपल्या कामाचं आहे.

अंधार, भूत आणि साप

मोहनदासचा जन्म 2 ऑक्टोबर 1869 चा, पोरबंदरचा. शाळा राजकोटला. शाळा सुटली की हा पोरगा घराकडे धूम ठोकायचा. घाई कसली? तर वाटेत कुणी आपल्याशी बोलेल, आपली टिंगल करेल, याची भीती. पुस्तकं आणि धडे हेच त्याचे सोबती.

रात्र झाली की वेगळीच तऱ्हा. चोर, भूत आणि साप या तिघांची त्याला जाम भीती. अंधारात बाहेर पाऊल टाकायची हिंमत नाही. खोलीत दिवा असल्याशिवाय झोप नाही. एका बाजूने भूत येईल, दुसऱ्या बाजूने चोर आणि तिसरीकडून साप, असं वाटत राहायचं. तेराव्या वर्षी लग्न झालं. कस्तुरबा त्याच्याच वयाच्या, पण त्यांना यातल्या कशाचीच भीती नव्हती. त्या अंधारात खुशाल कुठेही जायच्या. बायको धीट आणि आपण भित्रे, याची त्याला लाज वाटायची. म्हणून हे तो तिला सांगतही नसे.

पण घरात एक रंभा होती. जुनी मोलकरीण, मोहनला लहानाचं मोठं केलेली. तिने त्याला एक साधा उपाय सांगितला: भीती वाटली की रामनाम घे. रामनामापेक्षा त्याचा रंभेवर विश्वास जास्त होता, म्हणून त्याने ते सुरू केलं. गांधीजींच्या आयुष्यातला भीतीवरचा हा पहिला उपाय. लक्षात घ्या, तो त्याने एकट्याने शोधलेला नव्हता. कुणीतरी त्याची भीती ओळखली, त्याला हसलं नाही आणि हातात काहीतरी दिलं.

एका पानाचं भाषण

1888 साली मोहनदास लंडनला गेला. शाकाहारी जेवणाच्या शोधात तिथल्या व्हेजिटेरियन सोसायटीत पोहोचला आणि तिच्या कार्यकारिणीवर निवडूनही आला. प्रत्येक बैठकीला हजर, पण तोंडातून शब्द नाही. डॉक्टर ओल्डफिल्ड नावाच्या मित्राला याचं नवल वाटे. माझ्याशी तर हा चांगला बोलतो, मग बैठकीत याची दातखीळ का बसते?

एकदा खरंच बोलण्यासारखा विषय निघाला. डॉक्टर ॲलिन्सन हे सोसायटीचे सभासद संततिनियमनाचा प्रचार करत. अध्यक्षांना ते अनैतिक वाटे, म्हणून ॲलिन्सन यांना काढून टाकायचा ठराव आला. गांधींनाही ॲलिन्सन यांची मतं पटत नव्हती. पण शाकाहाराच्या संस्थेतून त्या कारणाने माणूस काढणं त्यांना चूक वाटलं. म्हणजे मत होतं, मुद्दा होता, कारणंही होती. फक्त ते बोलता येत नव्हतं. त्यांनी आपलं म्हणणं लिहून नेलं. तिथे ते वाचायचाही धीर होईना, तेव्हा अध्यक्षांनी ते दुसऱ्याकडून वाचून घेतलं. ॲलिन्सन हरले.

मग व्हेंटनरची गोष्ट. हे इंग्लंडमधलं समुद्रकाठचं गाव. तिथे मजमुदार नावाच्या मित्राबरोबर गांधी गेले होते. शाकाहाराच्या सभेत दोघांना बोलायचं आमंत्रण मिळालं. गांधींनी भाषण लिहून काढलं, जेमतेम एक पान. ते उभे राहिले. डोळ्यांपुढे अंधारी आली, अंग थरथरायला लागलं, समोरचं पान वाचता येईना. शेवटी मजमुदारांनीच ते वाचलं. मजमुदारांचं स्वतःचं भाषण झकास झालं, टाळ्या पडल्या. गांधींना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

1891 मध्ये लंडन सोडताना त्यांनी मित्रांना हॉलबर्न रेस्टॉरंटमध्ये निरोपाचं जेवण दिलं. शेवटच्या दिवशी तरी नीट बोलू म्हणून चार वाक्यांची तयारी केली. सुरुवातीला एक विनोद ठरवला. पार्लमेंटमध्ये बोलायला उभा राहून पहिल्याच शब्दांत तीनदा अडखळलेल्या एका माणसाचा तो विनोद होता. गांधी उभे राहिले, विनोद सुरू केला आणि त्याच माणसासारखे तिथेच अडकले. पुढचं काही आठवेना. आल्याबद्दल आभार मानले आणि खाली बसले.

शरीरात नेमकं होतं काय?

इथे जरा थांबू. डोळ्यांपुढे अंधारी, थरथर, गरगर, कोरा मेंदू. ही लक्षणं नाटकी नाहीत आणि यात दुबळेपणाही नाही. धोका दिसला की मेंदू धोक्याची घंटा वाजवतो आणि रक्तात ॲड्रेनॅलिन सोडलं जातं. पळायला किंवा लढायला शरीर तयार व्हावं म्हणून हृदय जोरात चालतं, श्वास वाढतो, घाम सुटतो. श्वास फार भराभर झाला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. त्यामुळे चक्कर येते, हातापायांना मुंग्या येतात. शेतात पायाखाली साप आला तर हीच यंत्रणा तुम्हाला वाचवते. वर्गात पन्नास मुलांसमोर उभं असताना साप नसतो, पण घंटा तीच वाजते.

एवढं प्रत्येकालाच कधी ना कधी होतं. परीक्षेच्या आदल्या रात्री झोप न येणं हा आजार नाही. पण ही घंटा कारण नसताना वाजत राहिली, महिनोन् महिने वाजत राहिली आणि तिच्या भीतीने तुम्ही कॉलेज, नोकरी, माणसं टाळायला लागलात, तर त्याला डॉक्टर चिंता-विकार म्हणतात. त्याचे प्रकार आहेत. चार लोक आपल्याला बघतील, आपण हसू होऊ, याची तीव्र भीती म्हणजे सोशल अँक्झायटी. अचानक छाती धडधडून आता आपण मरणार असं वाटायला लावणारा झटका म्हणजे पॅनिक अटॅक. तो बहुधा काही मिनिटांत टोकाला जातो आणि मग ओसरतो. त्या झटक्यांच्या धास्तीतच जगणं म्हणजे पॅनिक डिसऑर्डर. घर, पैसा, तब्येत, निकाल अशी प्रत्येक गोष्टीची सतत काळजी हा आणखी एक प्रकार. उंची, बंद जागा, इंजेक्शन अशा एखाद्याच गोष्टीची टोकाची भीती म्हणजे फोबिया.

गांधीजींना यातलं नेमकं काय होतं, हे आज सव्वाशे वर्षांनी ठरवायचा अधिकार मला नाही, तुम्हालाही नाही. न बघितलेल्या माणसाचं निदान डॉक्टरही करत नाहीत. आपण फक्त त्यांनी स्वतः काय सांगितलंय ते बघतोय.

टाळलं की बरं वाटतं, तीच गोम आहे

मामीबाईच्या खटल्यानंतर गांधींनी काय केलं? पुरेसा धीर येईपर्यंत खटला घ्यायचाच नाही असं ठरवलं. दक्षिण आफ्रिकेत जाईपर्यंत ते पुन्हा कोर्टात उभे राहिले नाहीत. मुंबईत त्यांनी एका शाळेत इंग्रजी शिकवायच्या नोकरीसाठी अर्ज केला. रोज एक तास, पगार 75 रुपये. पण ते पदवीधर नव्हते म्हणून नोकरी मिळाली नाही. मग गाशा गुंडाळून राजकोटला गेले आणि भावाच्या ओळखीने लोकांचे अर्ज लिहून द्यायला लागले. महिन्याला सरासरी 300 रुपये मिळायचे. त्या काळात ही कमाई वाईट नव्हती. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, पोरगं मार्गी लागलं.

भीती टाळण्याची गंमत हीच आहे. टाळलं की लगेच बरं वाटतं. सेमिनारला दांडी मारली, धडधड थांबली. फोन उचलला नाही, सुटलो. मुलाखतीचं पत्र फाडलं, कुणाला कळलंही नाही. पण मेंदू त्यातून एकच धडा शिकतो: ती जागा खरंच धोक्याची होती, बरं झालं पळालो. पुढच्या वेळी घंटा आणखी जोरात वाजते. आयुष्य हळूहळू आकसत जातं आणि आपण त्याला माझा स्वभावच असा आहे, असं म्हणत राहतो.

अभ्यासिकेत वर्षानुवर्षं बसणारी हुशार पोरं आपल्या बीडमध्ये कमी नाहीत. लेखी परीक्षेत नंबर येतो आणि मुलाखतीचं नाव काढलं की हातपाय गार पडतात. आई-बाप कोयता घेऊन कारखान्यावर गेलेत, त्यांच्या घामाचे पैसे आपल्यावर लागलेत, हे ओझं वेगळंच. गांधींवरही कर्जाचं आणि घरच्यांच्या अपेक्षांचं ओझं होतंच. ओझ्याने भीती कमी होत नाही, वाढते. म्हणून घरच्यांकडे बघ, एवढं सांगून कुणाची भीती जात नाही.

प्रिटोरियातली सभा

1893 मध्ये दादा अब्दुल्ला यांच्या पेढीच्या कामासाठी गांधी दक्षिण आफ्रिकेला गेले. एका वर्षाचं काम, 105 पौंड मेहनताना. पहिल्या वर्गाचं तिकीट असूनही पीटरमॅरित्झबर्ग स्टेशनवर त्यांना गाडीतून उतरवलं, हा प्रसंग आपण शाळेत शिकलोय. त्यानंतर काही दिवसांतच जे घडलं, ते आपल्याला कुणी शिकवत नाही.

प्रिटोरियाला पोहोचल्यावर त्यांनी तिथल्या हिंदी लोकांची सभा बोलावली. हाजी महंमद हाजी जुसब यांच्या घरी. आलेले बहुतेक मेमन व्यापारी, थोडे हिंदू. तिथे गांधी उभे राहिले आणि बोलले. व्यापारात खरेपणा कसा ठेवता येईल यावर बोलले, राहणीतल्या अस्वच्छतेवर बोलले, सगळ्यांनी मिळून एक संघटना काढावी असं सुचवलं. ज्याला इंग्रजी शिकायचंय त्याला मी फुकट शिकवीन, असंही सांगितलं. हे त्यांच्या आयुष्यातलं पहिलं जाहीर भाषण. ते पार पडलं.

व्हेंटनरला एक पान वाचता न येणारा माणूस इथे कसा बोलला? गांधींनी त्याचं शास्त्र मांडलेलं नाही. मला दिसतं ते असं. एक, सभा एका घरात होती, माणसं मोजकी आणि आपली होती. दोन, विषयाचा विचार करून ते गेले होते. तीन आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्यांचं लक्ष स्वतःवर नव्हतं. कोर्टात ते स्वतःकडे बघत होते: मी कसा दिसतोय, न्यायाधीश हसतायत का. प्रिटोरियात ते समोरच्या माणसांच्या अडचणींकडे बघत होते.

आज सोशल अँक्झायटीवर जे मानसोपचार होतात, त्यातली एक मोठी गोष्ट अगदी हीच आहे. सीबीटी म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी नावाची पद्धत आहे. त्यात मनात येणारे विचार तपासायला शिकवतात. स्वतःवर खिळलेलं लक्ष बाहेर वळवायचा सराव करून घेतात. आणि भीतीच्या गोष्टीला लहान पायऱ्या पाडून एकेक पायरी चढायला लावतात. आधी एका मित्रासमोर, मग चौघांसमोर, मग वर्गासमोर. पायरीवर थांबायचं, पळायचं नाही, भीती आपोआप उतरेपर्यंत. गांधींना ही पायरी नशिबाने मिळाली. आपल्याला ती तज्ज्ञाकडून मिळू शकते.

आणखी जोरात बोला!

आता गोष्ट इथेच संपली असती तर सिनेमा झाला असता. पण 26 सप्टेंबर 1896 ला गांधी पुन्हा मुंबईत उभे होते आणि पुन्हा थरथरत होते.

दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांचे हाल भारतात सांगायला ते आले होते. फिरोजशहा मेहतांनी एका सभागृहात सभा ठेवली. गांधींच्या मेहुण्याचा त्याच सुमारास मृत्यू झालेला. रात्रंदिवस त्याची शुश्रूषा करून गांधी थकलेले, घसा बसलेला. आदल्या संध्याकाळी फिरोजशहांनी विचारलं की भाषण लिहिलंय का. ऐन वेळी बोलीन, असं गांधींचं उत्तर. ते मुंबईत चालणार नाही, आज रात्रीच लिहा, सकाळच्या आत छापून घेऊ, असं फिरोजशहांनी बजावलं. तो सल्ला किती शहाणपणाचा होता हे दुसऱ्या दिवशी कळलं.

सभागृह गच्च भरलेलं. गांधी वाचायला लागले आणि अंग कापायला लागलं. आवाज पुढच्या काही जणांपलीकडे जाईना. फिरोजशहा त्यांना धीर द्यायला म्हणून सांगत राहिले, जोरात बोला, आणखी जोरात. त्याने झालं उलटंच, आवाज आणखी खाली गेला.

हे वाक्य दोनदा वाचा. फिरोजशहांचा हेतू चांगला होता. आपल्या घरच्यांचा, सरांचा, मित्रांचाही चांगलाच असतो. घाबरतोस काय, टेन्शन घेऊ नकोस, जरा धीट हो. पण घाबरलेल्या माणसाला धीट हो म्हणणं म्हणजे ताप आलेल्याला गार हो म्हणण्यासारखं आहे.

मग मदत कुणी केली? केशवराव देशपांडे पुढे आले. त्यांनी काहीच उपदेश केला नाही, भाषणाचे कागद हातात घेतले आणि वाचायला सुरुवात केली. पण लोकांना ऐकायचं होतं दिनशा वाच्छांना. वाच्छा, वाच्छा असा गलका झाला. तेव्हा वाच्छा उठले आणि त्यांनी ते भाषण वाचलं. सभागृह शांत झालं. लोकांनी शेवटपर्यंत ऐकलं, जागोजागी टाळ्या दिल्या, अन्यायाच्या ठिकाणी धिक्काराचे आवाज उठले. फिरोजशहांना भाषण आवडलं. आणि गांधी? स्वतःला न बोलता आल्याचं दुःख करत बसण्याऐवजी त्यांना आनंद झाला, कारण आफ्रिकेतल्या माणसांची गोष्ट मुंबईपर्यंत पोहोचली होती.

कोर्टातून पळून जाणारा तरुण आणि हा तरुण यांच्यात हा फरक पडला होता. भीती तीच होती. पण या वेळी तो थांबला, त्याने कागद दुसऱ्याच्या हातात दिला आणि काम पूर्ण होताना बघितलं. पुढे तो पुण्याला गेला, लोकमान्य टिळकांना, गोखल्यांना, डॉ. भांडारकरांना भेटला. मद्रासला गेला, तिथेही सभा घेतली.

आपला बुजरेपणा आफ्रिकेतही पूर्ण गेला नाही, हळूहळू कमी होत गेला, असं गांधीजींनी कबूल केलंय. अनोळखी लोकांसमोर बोलताना ते कचरत, जमेल तिथे भाषण टाळत. या संकोचाचा त्यांना पुढे फायदाही वाटला, शब्द जपून वापरायची सवय लागली. याच मुंबईत 8 ऑगस्ट 1942 च्या रात्री, गवालिया टँक मैदानावर, ते आधी हिंदुस्थानीत आणि मग इंग्रजीत बोलले. दुसऱ्या दिवशी देश पेटला. स्मॉल कॉज कोर्टातल्या त्या दिवसाला तेव्हा पन्नास वर्षं झाली होती.

गांधीजींना जमलं म्हणून...

या गोष्टीचा चुकीचा अर्थ काढू नका. गांधीजींना औषधाविना जमलं, मग तुलाही जमायलाच पाहिजे, असं कुणी म्हणालं तर त्याला विचारा की रंभा, मजमुदार, देशपांडे आणि वाच्छा कुठून आणायचे? प्रत्येक पायरीवर त्यांना कुणाचा तरी हात मिळाला. शिवाय त्या काळात चिंता-विकारांवर आजच्यासारखे उपचारच नव्हते. आपल्याकडे आहेत. असून न घेणं यात मर्दुमकी नाही.

मग डॉक्टरकडे कधी जायचं? भीती किंवा काळजी कित्येक महिने हटत नसेल, झोप, भूक, अभ्यास बिघडला असेल, भीतीमुळे तुम्ही गोष्टी सोडून द्यायला लागला असाल, धडधड बंद करायला दारू किंवा गोळ्यांचा आधार घ्यावा लागत असेल, तर जा. जगणं नको वाटत असेल तर उद्याची वाट बघू नका, आजच कुणाला तरी सांगा.

गावाकडे अजूनही याला बाहेरचं झालंय म्हणतात, नजर लागली म्हणतात, देवऋषाकडे नेतात. तुमची श्रद्धा तुमच्यापाशी ठेवा, पण डॉक्टरला दाखवायचं थांबवू नका. धडधड थायरॉइडमुळे किंवा रक्त कमी असल्यामुळेही होते, म्हणून डॉक्टर आधी तपासण्या करतात. छातीत पहिल्यांदाच दुखत असेल तर टेन्शन असेल असं घरीच ठरवू नका.

औषधांची भीती असते, तीही बोलून टाकू. चिंता-विकारावर जी औषधं नेहमी देतात, त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि त्यांची नशेसारखी चटक लागत नाही. मात्र ती मनाने बंद करायची नाहीत, डॉक्टर हळूहळू कमी करतात. काही शामक गोळ्यांची सवय लागू शकते, म्हणून मेडिकलवरून झोपेची गोळी मागून घेणं किंवा मित्राची चिठ्ठी वापरणं धोक्याचं. अनेकांना नुसत्या सीबीटीने बरं वाटतं, काहींना दोन्ही लागतं.

आणि तुम्हाला स्वतःला यातलं काही नसेल, तरी हे तुमच्याही कामाचं आहे. उद्या वर्गात कुणी बोलता बोलता अडकला तर मागून हसू नका. जोरात बोल असंही ओरडू नका. देशपांडे व्हा. उठा, कागद धरा, पुढचं वाक्य वाचायला मदत करा. तो कॉलेजला येईनासा झाला तर घरी जाऊन या. आणि गरज असेल तर त्याच्यासोबत ओपीडीच्या रांगेत उभे राहा. पहिल्यांदा केसपेपर काढताना सोबत कुणी असलं की फार फरक पडतो.

मदत कुठे मिळेल?

• टेली-मानस हेल्पलाइन: 14416. केंद्र सरकारची सेवा, मोफत, चोवीस तास. मराठीतून बोलता येतं.

• अंबाजोगाई: स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. मानसोपचार विभागाची ओपीडी विचारा.

• बीड: जिल्हा रुग्णालय. केसपेपर खिडकीवर मानसोपचाराची ओपीडी कुठे आहे ते विचारा.

• घराजवळ: प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना सगळं सांगा, ते पुढे पाठवतील.

जाताना हे लिहून न्या: कधीपासून होतंय, कुठे होतंय, किती वेळ टिकतं, कुठली औषधं सुरू आहेत. डॉक्टरांसमोर बोलता आलं नाही तर कागद पुढे करा.